आईच्या ऑक्सिजन मशीनसाठी आठ महिने मारलेले खेटे

आईला सीओपीडी आहे, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार, श्वास पुरत नाही. आयुष्यात कधी बिडीला हात लावला नाही तिने, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसली, शेणी, काटक्या, पावसाळ्यात ओली लाकडं, सगळा धूर छातीत. दिवाळीनंतर ऍडमिट केलं होतं, आठ दिवसांनी डिस्चार्ज मिळाला आणि कागदावर शेवटची ओळ होती, घरी ऑक्सिजन मिनिटाला 2 लिटर, दिवसाला किमान 15 तास. बस एवढंच. मशीन कुठून आणायचं, कोण शिकवणार, पैशाचं काय, कोणी काही बोललं नाही.

पहिले दोन आठवडे सिलिंडरवर काढले. छोट्या सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर असतो, म्हणजे 2 लिटरने साडेबारा तास, एक दिवस पण धड निघत नाही, आणि भरून आणायला जिल्ह्याच्या गावाला जायचं. एका रात्री उठून बघतो तर आईने नॉब कमी केलेला, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 84, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन खूपच कमी. म्हणाली, "लवकर संपला की तुला परत जावं लागंल." त्या रात्री मला झोप आली नाही.

मग कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन, भाड्याने घेतला, महिन्याला चार हजार आणि डिपॉझिट वेगळं. हे 5 लिटरचं मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास खातं, 16 तास चालवलं की रोजचे साडेपाच युनिट, म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर फक्त मशीनचे. आमचं बिल 100 युनिटच्या आत असायचं, ते वरच्या स्लॅबमध्ये गेलं. आणि लाईट गेली की परत सिलिंडर, म्हणून एक भरलेला कायम घरात ठेवावाच लागतो.

मदतीसाठी सगळीकडे विचारलं. इन्शुरन्सवाले म्हणाले हॉस्पिटलबाहेरचा ऑक्सिजन पॉलिसीत बसत नाही. महात्मा फुले योजनेत विचारलं तर ती ऍडमिट पेशंटसाठी. अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढावं म्हटलं तर 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत पण फुफ्फुसाचा आजार त्यात नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून कॉन्सन्ट्रेटरचे पैसे मिळू शकतात, माझी आई शेतमजूर आहे, तिचं फुफ्फुस काय वेगळं आहे का? गंभीर सीओपीडीमध्ये रक्तातला ऑक्सिजन खूप कमी असेल तर रोज 15 तास ऑक्सिजनने माणूस जास्त जगतो हे 1980-81 च्या अभ्यासांतून कळलंय, म्हणजे हे औषधच आहे, चैन नाही.

सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या एका सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या, "दादा, 2021 ची कितीतरी मशीनं स्टोअरला पडून आहेत." कोविडमध्ये आलेली, काही देणगीतली काही सरकारी. तोंडी विचारलं तर कोणी दाद देईना, म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दोनच प्रश्न, मशीनं किती आणि वापरात किती. 30 दिवसांची मुदत असते, उत्तर मुदतीतच आलं. 14 मशीनं, वापरात 2.

तो कागद घेऊन दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीकडे गेलो, सोबत गावातले अजून तीन पेशंटचे घरचे होते, एकट्याचं ऐकलं नसतं. समितीचा मुद्दा एकच, मशीन बाहेर गेलं आणि हरवलं तर जबाबदार कोण. आम्हीच रजिस्टर कसं ठेवायचं ते लिहून नेलं, डॉक्टरची चिठ्ठी, आधारची झेरॉक्स, सरपंचांचं पत्र, हजार रुपये परतीचं डिपॉझिट, दर महिन्याला आशाताई बघून सही करणार. तीन मीटिंगा गेल्या त्यात. अधीक्षक साहेब बदलून आले त्यांनी मात्र मनावर घेतलं.

मशीनं तपासायला इंजिनिअर आणला तेव्हा कळलं की नुसती पडून राहिल्याने पण ती खराब होतात, आतल्या झिओलाइटला (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे) दमट हवा लागते आणि ऑक्सिजनची शुद्धता उतरते. नव्वद टक्क्यांच्या वर पाहिजे तिथे काही सत्तरवर होती. पडून असलेल्या 12 मधली 6 चांगली निघाली. किती वाईट वाटलं काय सांगू, वेळेवर वाटली असती तर बाराच्या बारा कोणाच्यातरी घरी चालली असती.

तुमच्या घरी कोणाला डिस्चार्ज मिळत असेल तर एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) रिपोर्ट आणि ऑक्सिजन न लावता बसून ऑक्सिमीटरवर किती सॅच्युरेशन येतं (मशीन लागणाऱ्यांचं साधारण 88 किंवा खाली) हे कागदावर लिहूनच घ्या, किती लिटर किती तास ते पण. आमचं अर्ध काम त्या एका ओळीने झालं. चूल किंवा देवाचा दिवा त्या खोलीत नको, मशीनच्या पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच, फिल्टर आठवड्याला धुवा.

आता सहा घरात मशीन चालू आहे, आमचं भाड्याचं परत केलं. रजिस्टरला अजून सात नावं थांबलेली आहेत, त्यातल्या एक आजी अठ्ठावन्न किलोमीटरवर राहतात म्हणून आशाताईंची सही कशी घ्यायची यावर अडलंय. लाईट बिलात सवलतीचा अर्ज पण दिलाय. सोमवारी परत जायचंय.