तांडेल जेवत नाही: माझ्या फायटरच्या आजारपणाच्या नोंदी

संक्रांतीच्या आधी थंडी एकदम वाढली आणि तांडेलने पेलेट (दाणेदार खाद्य) तोंडात घेऊन थुंकायला सुरुवात केली. पुढे तो पेलेटकडे वळेनासाच झाला. तांडेल म्हणजे माझा फायटर मासा (बेट्टा), आखूड शेपटीच्या प्लाकाट प्रकारातला निळा नर. वय दीड वर्षाच्या आसपास, 25 लिटरच्या टाकीत एकटाच, सोबत जावा फर्न आणि थोडं अनुबियास या पाणवनस्पती. टाकी पडवीत. देवगडजवळचं आमचं घर चिऱ्याचं, वर कौलं. एरवी हा मासा माझी सावली पडली तरी काचेवर धावून येतो. तो तळाशी फर्नच्या पानावर अंग टाकून बसलेला पाहिला तेव्हा पोटात धस्स झालं.

फायटरने खाणं सोडलं की आपल्या मासे पाळणाऱ्यांतले बरेच जण पहिल्यांदा औषधाची बाटली शोधतात. मी आधी अर्धा तास नुसती बघत बसले, आणि हा अर्धा तास कुणी वाचवू नये असं मनापासून वाटतं. काय काय दिसलं ते लिहून ठेवलं होतं. फिन्स मिटलेल्या. रंग उतरलेला, निळ्यावर राखाडी झाक. पोट किंचित फुगलेलं, पण वरून पाहिलं तर खवले अंगाला घट्ट बसलेले, कुठेही उभे राहिलेले नाहीत. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची टॉर्च तिरकी मारली. व्हेल्वेट हा परजीवींचा रोग असेल तर अंगावर सोनेरी-गंजकट धूळ चमकते, ती नव्हती. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके नाहीत, तोंडाजवळ कापसासारखं काही नाही. कल्ल्यांची हालचाल नेहमीपेक्षा थोडी मंद. हवा घ्यायला वर येत होता, पण ओढत आल्यासारखा, आणि परत तळाशी. तळाच्या वाळूवर विष्ठा कुठेच नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

मग थर्मामीटर. पहाटे मतलई वारा सुटतो त्या वेळी पाणी 20.5 अंश होतं. दुपारी तेच पाणी 26 ला. घाटावरचे लोक म्हणतील, 20 अंशांत कसली थंडी! पण फायटर मूळचा थायलंडच्या सखल भागातल्या भातखाचरांचा आणि उथळ पाणथळ जागांचा. त्याला 25 ते 28 मध्ये बरं वाटतं. माशाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. पाणी गार झालं की पचन मंदावतं, आतडं सुस्तावतं आणि आदल्या दिवशी खाल्लेलं तसंच पडून राहतं. त्यात रोजचा पाच-सहा अंशांचा चढउतार. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात गारठा वाटतो खरा, पण तेव्हा रात्रंदिवस तापमान जवळपास सारखं असतं, मासा ते निभावतो. पौष-माघातल्या रात्री जास्त त्रास देतात.

पाण्याची तपासणीही त्याच दिवशी केली. अमोनिया 0.25, नायट्राइट शून्य, नायट्रेट 10, पीएच 6.2 आणि केएच, म्हणजे कार्बोनेट क्षारांचं प्रमाण, जेमतेम 1. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी वापरणाऱ्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. आमच्या पाण्यात क्लोरीन नाही हे सुख, पण क्षारही नाहीत. केएच इतका कमी असला की पीएचला धरून ठेवणारं पाण्यात काहीच उरत नाही आणि तो हळूहळू घसरत जातो. पीएच घसरला, वर गारठा, की फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही मंदावतात. त्यातूनच तो पाव अमोनिया आला असणार.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण याच ठिकाणी घाईने मासे दगावतात. पीएच 6.2 ला एकूण अमोनियापैकी जेमतेम हजारावा भाग विषारी रूपात असतो, बाकीचा अमोनियम म्हणून पडून राहतो. तोच पीएच 8 वर गेला तर विषारी भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे पीएच कमी दिसला म्हणून कुणी चमचाभर खायचा सोडा टाकला, तर आकडा सुधारतो आणि माशाचे कल्ले जळतात. त्यामुळे मी पीएचला हात लावला नाही. रात्रभर बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलेलं पाणी घेतलं. विहिरीच्या ताज्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो असा निघून जातो. त्यातलं चारेक लिटर टाकीच्या तापमानाला आणून रोज बदलत राहिले. अमोनिया खाली आला, तोही माशाला धक्का न बसता.

केएचसाठी उपाय स्वयंपाकघरातच होता. तिसऱ्यांचे रिकामे शिंपले, उकळून, ब्रशने घासून, उन्हात कडकडीत वाळवलेले. मूठभर जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या वाटेत ठेवले. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लधर्मी असेल तेवढाच तो विरघळतो, म्हणून एकदम उसळी येत नाही. आपल्याकडे बाजारातून पावडरी आणायची खरंच गरज नाही.

हीटर कपाटातून काढला, 50 वॉटचा. एकदम 27 वर लावायचा नाही, सकाळ-संध्याकाळ एकेक अंशाने चढवायचा. रात्री वीज गेली तर ऊब टिकावी म्हणून टाकीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल लावला. वर काचेचं झाकण, थोडी फट ठेवून. हे झाकण महत्त्वाचं आहे. फायटर लॅबिरिंथ अवयवाने वरची हवा घेतो, आणि पाणी 27 अंश पण वरची हवा पहाटेची गारठलेली, असं असेल तर प्रत्येक घोटाला त्याला त्रास होतो. झाकणाखाली दमट उबदार हवेचा थर राहतो. पडवीतलं डासांचं लिक्विड मशीन तर कायमचं बंद आहे. त्यातली औषधं पायरेथ्रॉइड जातीची असतात, माशांना अतिशय विषारी. हवा पिणाऱ्या माशाच्या खोलीत ती नकोतच.

खाणं पूर्ण बंद केलं. सासूबाई रोज सकाळी टाकीपाशी येऊन विचारायच्या, “आज जेवलो काय गो तुझो तांडेल?” नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. त्यांना समजावलं, की मोठा धडधाकट फायटर आठवडाभर उपाशी राहू शकतो, आणि तुंबलेल्या पोटावर आणखी खाणं घातलं तर तेच त्याला मारेल. न खाल्लेला दाणा तळाशी कुजून पाणी नासवतो तो वेगळाच.

पाणी उबदार झाल्यावर फिन्स थोड्या उघडल्या, पण पोट तसंच होतं. तेव्हा एप्सम सॉल्ट काढलं. म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळतं, पण ते मी वापरत नाही, केमिस्टकडचं औषधी दर्जाचं घेते. पाच लिटरच्या पारदर्शक डब्यात टाकीचंच पाणी, त्यात चहाचा अर्धा चमचा वेगळ्या भांड्यात आधी विरघळवून. डबा टाकीतच तरंगता बांधला, म्हणजे तापमान सारखं राहतं. मॅग्नेशियमने आतड्याचे स्नायू सैल पडतात आणि साचलेलं पुढे सरकतं. साधं मीठ इथे चालत नाही. त्याचा उपयोग वेगळ्या दुखण्यांत होतो, पोट फुगलेल्या माशाला त्याने आराम पडत नाही. डब्यातलं पाणी रोज बदललं, एप्समही तेवढ्याच प्रमाणात नव्याने.

आपल्यात सगळ्यांचा लाडका उपाय म्हणजे बदामाचं पान. देशी बदामाची झाडं आमच्या बंदरावर रांगेने उभी आहेत, या दिवसांत लाल पानांचा सडा असतो. टॅनिनमुळे पाणी सौम्य राहतं, बुरशीला थोडा आळा बसतो, फायटरला ते मानवतंही. पण केएच 1 असलेल्या टाकीत मी ते टाकलं नाही, कारण पीएच आणखी खाली गेला असता. डब्यातल्या रोज बदलणाऱ्या पाण्यात मात्र पानाचा तळहाताएवढा तुकडा ठेवला. तांडेल लगेच त्याच्याखाली जाऊन बसला. निवारा मिळाल्यावर त्याचा श्वासही शांत झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि मग ती सकाळ. डब्याच्या तळाशी गडद तपकिरी, बोटाच्या पेराएवढी लांब, घट्ट विष्ठा पडलेली. मी भिंगातून बघितली. पांढरी, दोऱ्यासारखी, पोकळ असती तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घेतला असता. ही तशी नव्हती. माशाकडे वरून पाहिलं तर दोन्ही बाजूंचा फुगवटा उतरलेला. संध्याकाळपर्यंत आणखी थोडी. सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी देवासमोर हात जोडले. मीही जोडले.

त्याला परत टाकीत सोडलं, पण लगेच पेलेट दिलं नाही. अशा वेळी सोललेला उकडलेला वाटाणा द्या असं सगळीकडे सांगतात. मला ते पटत नाही. फायटर किडे खाणारा मासा आहे, त्याचं आतडं आखूड, वनस्पती पचवायला बनलेलंच नाही. त्यापेक्षा डॅफ्निया, म्हणजे पाण्यातला पिसवेएवढा जिवंत जीव. त्याचं कवच पचत नाही, ते आतडं साफ करत पुढे जातं, आणि जिवंत असल्यामुळे त्याच्या उड्या बघून माशाची शिकारीची इच्छा जागी होते. मागच्या दारी सिमेंटच्या कुंडात हिरव्या पाण्यावर मी डॅफ्निया वाढवते. पहिल्या संध्याकाळी चार-पाच सोडले. तांडेलने फक्त डोळा फिरवला. डोळ्याची ती गोल हालचाल, आधी डावीकडे मग वर, पण अंग हललं नाही. उरलेले नळीने काढून घेतले. दुसऱ्या दिवशी टाकीचा दिवा बंद ठेवून फक्त खिडकीच्या उजेडात पुन्हा दिले. बराच वेळ काही नाही. मग एक डॅफ्निया अगदी तोंडासमोरून उडाला आणि त्याने मान तिरकी करून टप्पकन टिपला. थुंकला नाही. थोड्या वेळाने आणखी एक.

डासांच्या अळ्या त्याला अजून जास्त आवडतात, पण या दिवसांत मी त्या बाहेरून आणत नाही आणि तुम्हीही आणू नका अशी कळकळीची विनंती आहे. हापूसला मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात आणि त्यांत पायरेथ्रॉइड्स असतात. बागेतल्या उघड्या पिंपावर, डबक्यावर त्याचा तुषार पडलेला असू शकतो. अळ्या जिवंत दिसतात म्हणून पाणी स्वच्छ असेल असं धरून चालता येत नाही. शेजारच्या कलमांवर पंप चालू असेल त्या दिवशी पडवीच्या खिडक्या बंद, डॅफ्नियाच्या कुंडावर प्लास्टिक आणि टाकीत हात घालण्याआधी कोपरापर्यंत साबणाने धुऊन भरपूर पाण्याने साबण काढणं, एवढं मी न चुकता करते.

मधल्या काळात मेथिलीन ब्लू (निळं जंतुनाशक औषध) टाक, अँटिबायोटिक टाक असे सल्ले प्रेमाने देणारे बरेच भेटले. मेथिलीन ब्लू चालू टाकीत टाकलं की फिल्टरमधल्या जिवाणूंनाच मार बसतो, आणि रोगाचं लक्षण दिसत नसताना अँटिबायोटिक देणं मला अजिबात मान्य नाही. खवले अननसासारखे उभे राहिले असते, किंवा विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आली असती, तर मी वेगळा मार्ग धरला असता. रत्नागिरीच्या शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे माशांचे रोग शिकवले जातात. तिथून शिकून आलेलं कुणी ओळखीचं असेल तर अशा वेळी दुकानाआधी त्यांना फोटो दाखवावा.

आजची स्थिती अशी. पाणी रात्री 26, दुपारी 27. अमोनिया शून्य. पीएच 6.6, केएच 2 च्या थोडा पुढे, शिंपले काम करताहेत. तांडेल संध्याकाळी डॅफ्निया स्वतः शोधून खातो. सकाळी टाकीच्या पाण्यात भिजवून मऊ केलेलं एक पेलेट देते. ते कधी घेतो, कधी सोडतो. रंग परत आलाय, कपाळाजवळ मात्र अजून फिका आहे. खालच्या फिनच्या टोकाला केसाएवढी पांढरी कड दिसतेय. ती पसरली तर फिन रॉट, म्हणजे फिन्स कुजण्याचा रोग, तशीच राहिली किंवा पारदर्शक होत गेली तर नवी वाढ. रोज एकाच कोनातून फोटो काढून ठेवतेय, औषध नाही, फक्त पाणी स्वच्छ.

काल त्याने वरच्या कोपऱ्यात बुडबुड्यांचं छोटं घरटं बांधायला घेतलं, हे तब्येतीचं प्रमाणपत्र नसलं तरी मला फार बरं वाटलं. आठवड्यातून एक दिवस उपास कायम ठेवणार आहे, आणि हीटर शिमग्यापर्यंत काढणार नाही. तुमच्यापैकी जांभ्याच्या विहिरीचं पाणी वापरणाऱ्या कुणी शिंपल्यांवर वर्षभर केएच टिकवला असेल तर किती शिंपले आणि किती दिवसांनी बदलता, तेवढं जरूर सांगा.