छताखालच्या मैदानांची नोंदवही: सप्टेंबर २०२५ पर्यंतची प्रगती

मार्चमध्ये नानजिंगची जागतिक इनडोअर ॲथलेटिक्स स्पर्धा संपली तेव्हा या स्पर्धेचे निकाल आणि विक्रम टिपून ठेवायची माझी चौथी वही निम्मी भरली होती. आधीच्या तीन वह्यांत मात्र इतक्या दुरुस्त्या साचल्या होत्या की, पावसाळा लागला की त्या सगळ्या स्वच्छ उतरवून काढायच्या, असे मी तेव्हाच ठरवले. हे काम जूनपासून आतापर्यंत दादरच्या घरी, खिडक्या लावून आणि पंख्याखाली पाने वाळवत चालले आहे. मुंबईच्या दमट हवेत जेल पेनची शाई कागदावर फुटते, म्हणून सर्व नोंदी बॉलपेनने केल्या आहेत. तिसऱ्या वहीत मी चुकीच्या ओळींवर व्हाइटनर लावला होता. त्याचे पापुद्रे सुटून समोरच्या पानाला चिकटले आणि खाली मूळ आकडा कोणता होता हे मलाच कळेनासे झाले. त्यामुळे या वेळी एक नियम घालून घेतला: खोडायचे ते एकाच रेघेने, आणि खोडलेले नाव वाचता आले पाहिजे. या स्पर्धेच्या इतिहासात रद्द झालेली नोंददेखील नोंदच असते, हे मला या उतरवून काढण्याच्या कामात जसे पटले तसे आधी कधी पटले नव्हते.

पहिली अडचण पहिल्याच पानावर आली. १९८५ च्या जानेवारीत पॅरिसच्या बर्सी येथे जी स्पर्धा झाली तिचे नाव ‘जागतिक इनडोअर गेम्स’ असे होते. ‘जागतिक इनडोअर अजिंक्यपद’ हे नाव १९८७ च्या इंडियानापोलिसपासून लागले. अधिकृत क्रमांक इंडियानापोलिसला पहिली धरूनच मोजला जातो आणि त्या हिशेबाने नानजिंगची स्पर्धा विसावी ठरते. तरीही खेळाडूंची पदके मोजताना मात्र पॅरिसची पदके धरली जातात. बल्गेरियाच्या स्टेफ्का कोस्टाडिनोव्हाची उंच उडीतील पाच सुवर्णपदके (१९८५, १९८७, १९८९, १९९३ आणि १९९७) पॅरिसशिवाय चारच होतात, आणि सर्गेई बुबकाची पोल व्हॉल्टमधील चार तीनवर येतात. माझ्या मते स्पर्धेला क्रमांक नसला तरी उडी खरी होती. म्हणून मी पॅरिसच्या पानाला शून्य क्रमांक देऊन ते इंडियानापोलिसच्या आधी शिवले आहे. हे कोणाला पटणार नाही याची मला कल्पना आहे.

इंडियानापोलिसच्या पानावर पहिली रेघ पडली ती बेन जॉन्सनच्या नावावर. ६० मीटरमध्ये त्याने ६.४१ सेकंदांची वेळ दिली होती. सोल ऑलिंपिकनंतर कॅनडातील चौकशीत त्याने उत्तेजक द्रव्यांचे दीर्घकाळचे सेवन कबूल केले, त्याचे आधीचे विक्रमही रद्द झाले आणि ६.५० सेकंदांत दुसरा आलेला अमेरिकेचा ली मॅक्रे विजेता व विक्रमवीर ठरला. पहिल्या वहीत मी थेट मॅक्रेचेच नाव लिहून मोकळा झालो होतो. आता दोन्ही आहेत, वरचे रेघेखाली. पस्तीस वर्षांनंतर, २०२२ मध्ये बेलग्रेडला इटलीच्या मार्सेल जेकब्सने सुवर्ण जिंकले तेही नेमक्या ६.४१ सेकंदांत. वरचे नाव व्हाइटनरखाली दडले असते, तर हा योगायोग माझ्या डोळ्यांना कधी दिसलाच नसता.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पुरुषांच्या ४०० मीटरच्या पानावर, आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती. २०१८ ची बर्मिंगहॅमची अंतिम शर्यत आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर झाली. स्पेनचा ऑस्कर हुसिलोस ४४.९२ सेकंदांत पहिला आला. इस्तंबूल २०१२ मधील कोस्टारिकाच्या नेरी ब्रेनेसचा ४५.११ सेकंदांचा स्पर्धाविक्रम त्याने मोडला, म्हणून मी लाल शाईने हुसिलोसचे नाव ठसठशीत लिहिले, खाली दुहेरी रेघ ओढली आणि झोपलो. सकाळी चहा घेताना मोबाइलवर पाहिले, तर हुसिलोस आणि त्याच्या मागोमाग आलेला डोमिनिकन प्रजासत्ताकाचा लुगेलिन सांतोस असे दोघेही आपल्या मार्गिकेच्या (लेनच्या) रेषेवर पाय पडल्यामुळे बाद झाले होते. तिसऱ्या क्रमांकाने अंतिम रेषा ओलांडलेला चेक प्रजासत्ताकाचा पावेल मास्लाक ४५.४७ सेकंदांत विजेता ठरला होता. सोपोत आणि पोर्टलंडनंतरचे त्याचे हे सलग तिसरे विजेतेपद. याच शर्यतीच्या प्राथमिक फेरीत तर एका गटातील पाचही धावपटू बाद झाले होते, एक चुकीच्या सुरुवातीमुळे आणि उरलेले चौघे मार्गिका सोडल्यामुळे. तसे या स्पर्धेत पूर्वी कधी झाले नव्हते. माझ्या नव्या वहीत आता या पानावर तीन ओळी एकाखाली एक आहेत: ब्रेनेस ४५.११, रेघेखालचा हुसिलोस ४४.९२, आणि २०२२ च्या बेलग्रेडमधील त्रिनिदादचा जेरीम रिचर्ड्स ४५.००. मधली ओळ खालच्या ओळीपेक्षा वेगवान आहे आणि तरी तिला मोजता येत नाही.

छताखाली मार्गिका इतक्या वेळा का सुटते, हे कागदावरून समजत होते पण अंगी लागत नव्हते. जुलैमध्ये पावसाने दोन दिवस उघडीप दिली, तेव्हा भाच्याला घेऊन पहाटे शिवाजी पार्कवर गेलो. सोबत सुतळीचे दोन तुकडे होते, एक साडेसतरा मीटरचा आणि दुसरा साडेछत्तीस मीटरचा. २०० मीटरच्या इनडोअर ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या साधारण पहिल्या तुकड्याएवढी असते, तर ४०० मीटरच्या उघड्या मैदानावरील ट्रॅकची दुसऱ्याएवढी. भाचा मध्यभागी टोक धरून उभा राहिला आणि मी दुसरे टोक धरून अर्धवर्तुळ चालू लागलो, दर दहा पावलांवर एकेक खडा ठेवत. ‘मामा, दोरी सैल पडतेय, बाहेर सरका,’ असे तो दोनदा ओरडला. नेटचे सामान घेऊन चाललेल्या एका मुलाने थांबून विचारले, ‘काका, बाउंड्री आखताय का?’ मी होकार दिला. खरे उत्तर द्यायला फार वेळ लागला असता. लहान वळण पंचावन्न मीटरचे भरते आणि बहात्तर पावलांत संपते. चालतानाही आपण सतत डावीकडे वळत आहोत हे घोट्याला जाणवते. मोठ्या दोरीने एकशे पंधरा मीटर चाललो तेव्हा वळण आहे हे खड्यांकडे पाहिल्यावरच लक्षात येत होते.

घरी येऊन हिशेब मांडला. सेकंदाला दहा मीटर वेगाने साडेसतरा मीटर त्रिज्येच्या वळणावर धावणाऱ्याला आत खेचणारे जे त्वरण लागते ते सेकंदवर्गाला सुमारे ५.७ मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून अधिक. उघड्या मैदानावर तेच २.७ च्या आसपास राहते. ही ओढ सोसता यावी म्हणून इनडोअर ट्रॅकची वळणे बाहेरच्या बाजूने उचललेली असतात. हा उतार पंधरा अंशांपेक्षा जास्त नसावा असा संकेत आहे, आणि पंधरा अंशांनीही या ओढीचा निम्माच भार हलका होतो. उरलेला पायांनीच पेलावा लागतो. सहाव्या मार्गिकेची त्रिज्या जवळपास बावीस मीटर असल्याने तिथे ओढ कमी पडते, शिवाय उंचावरून सरळ भागात उतरताना वेग आयता मिळतो. पहिल्या मार्गिकेतल्या धावपटूच्या नशिबी घट्ट वळणे आणि सपाटी. २०० मीटरची शर्यत पूर्णपणे मार्गिकेतच होत असल्याने निकाल धावण्याआधी मार्गिका वाटणाऱ्या चिठ्ठीवरच ठरल्यासारखा होई, आणि म्हणूनच २००४ च्या बुडापेस्टनंतर ती या स्पर्धेतून काढून टाकण्यात आली. नामिबियाच्या फ्रँक फ्रेडरिक्सने १९९६ मध्ये लिएव्हां येथे दिलेली १९.९२ सेकंदांची वेळ या अंतरावरील छताखालची वीस सेकंदांच्या आतली पहिली वेळ होती. तिला या वहीत जागा नाही, कारण ती अजिंक्यपद स्पर्धेतली नव्हे. तरी समासात लिहून ठेवली आहे.

आनंदाने उतरवलेले पान म्हणजे पुरुषांचे ८०० मीटर. १९८९ मध्ये बुडापेस्टला केनियाच्या पॉल एरेंगने १ मिनिट ४४.८४ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि तो आठ वर्षे टिकला. १९९७ मध्ये पॅरिसला, त्याच बर्सीत, केनियात जन्मलेला आणि डेन्मार्ककडून धावणारा विल्सन किपकेटर प्राथमिक फेरीतच १ मिनिट ४३.९६ धावला. प्राथमिक फेरीत विश्वविक्रम करणारा माणूस अंतिम फेरीसाठी काय राखून ठेवतो, असा प्रश्न पडावा. तर दोन दिवसांनी त्याने १ मिनिट ४२.६७ ही वेळ दिली. विश्वविक्रमाच्या या तिन्ही पायऱ्या याच स्पर्धेत चढल्या गेल्या. महिलांच्या ८०० मीटरचे पान वेगळ्या कारणाने भरलेले आहे: मोझांबिकच्या मारिया मुटोलाने १९९३ ते २००८ या काळात सलग नऊ स्पर्धांत पदक मिळवले. त्यांपैकी सात सुवर्णे. १९९९ ला माएबाशीत रौप्य आणि २००८ ला व्हॅलेन्सियात कांस्य. एका खेळाडूसाठी नऊ ओळी सलग लिहिण्याचा प्रसंग वहीत दुसरीकडे कुठे आलेला नाही. माएबाशीचेच बोलायचे तर इथिओपियाच्या हेले गेब्रसेलासीने तिथे १५०० आणि ३००० मीटर अशी दोन्ही सुवर्णे जिंकली होती. ती जोडी पुरुषांत पुन्हा जुळवली ती यंदा नानजिंगला नॉर्वेच्या जेकब इंगेब्रिग्त्सेनने, सव्वीस वर्षांनी. तसेच माएबाशीत क्युबाच्या इव्हान पेद्रोसोने ८.६२ मीटर लांब उडी मारून स्पेनच्या यागो लामेलाला सहा सेंटिमीटरने मागे टाकले. पेद्रोसोच्या १९९३ ते २००१ या सलग पाच सुवर्णांतले हे मला सर्वांत कसाचे वाटते.

उड्यांच्या पानांवर मात्र स्तंभच बदलावे लागले. बुबकाने १९९३ मध्ये दोनेत्स्कला छताखाली ६.१५ मीटर ओलांडले होते, तरी विश्वविक्रम म्हणून त्याचीच १९९४ ची उघड्या मैदानावरील ६.१४ मीटरची उडी धरली जात असे, कारण दोन्हींचे हिशेब वेगळे होते. २००० च्या सुमारास नियम बदलला आणि विश्वविक्रम छताखाली झाला तरी चालेल असे ठरले; पण हा बदल मागील तारखेने लागू नव्हता. त्यामुळे हा गुंता सुटायला फ्रान्सच्या रेनो लाव्हिलेनीची २०१४ ची ६.१६ मीटरची उडी यावी लागली. जिथे वळण नाही, वारा नाही, तिथे छताचा भेद कशाला, हे माझे जुने मत होते आणि ते नियमाने मान्य केले याचे समाधान आहे. उंच उडीत क्युबाच्या हाविएर सोतोमायोरने ४ मार्च १९८९ रोजी बुडापेस्टला ओलांडलेले २.४३ मीटर आजही छताखाली सर्वोच्च आहे. ते पान उतरवायला दोन मिनिटे लागली, कारण छत्तीस वर्षांत त्याखाली काही लिहावेच लागलेले नाही.

याउलट बेलग्रेडचे २० मार्च २०२२ हे एकच पान तीनदा भरावे लागले. व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासची तिहेरी उडी १५.७४ मीटर, अमेरिकेच्या ग्रँट हॉलोवेची ६० मीटर अडथळ्यांच्या उपांत्य फेरीत स्वतःच्याच ७.२९ सेकंदांच्या विक्रमाशी बरोबरी, आणि स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसची ६.२० मीटरची उडी, सगळे एकाच दिवशी. त्यानंतर ग्लासगोला २०२४ मध्ये नेदरलँड्सची फेम्के बोल ४०० मीटर ४९.१७ सेकंदांत धावली आणि बहामाच्या डेव्हिन चार्लटनने ६० मीटर अडथळे ७.६५ सेकंदांत पार केले, दोन्ही विश्वविक्रम.

चालण्याच्या शर्यती १९९३ च्या टोरंटोनंतर बंद झाल्या, त्यांची पाने आटोपशीर आहेत. भारताचा स्तंभही छोटाच आहे. २०२२ मध्ये बेलग्रेडला मुरली श्रीशंकर लांब उडीत ७.९२ मीटरसह सातवा आला, ती नोंद मी हिरव्या शाईत केली आहे. आपला बीडचा अविनाश साबळे या वहीत येण्याचा मार्गच नाही, कारण त्याची स्टीपलचेस ही अडथळ्यांची लांब शर्यत या स्पर्धेत धावतच नाहीत. भुवनेश्वरला कलिंगा स्टेडियमच्या आवारात आता छताखालचा २०० मीटरचा ट्रॅक झाला आहे. तो पाहायला जायचे आहे. वळणावर नुसते उभे राहायला मिळाले तरी पुरे.

शेवटी उतरवले ते नानजिंगचे पान. त्याचे शीर्षक मुळात २०२० साठी लिहिलेले होते. करोनामुळे स्पर्धा २०२१ वर गेली, मग २०२३ वर आणि अखेर २०२५ वर. त्यामुळे एकाच ओळीत तीन वर्षे रेघेखाली आणि चौथे शाबूत असे ते शीर्षक झाले आहे. डुप्लांटिसने तिथे ६.१५ मीटर ओलांडून सलग तिसरे सुवर्ण घेतले. पोलंडमधील तोरूनच्या २०२६ च्या स्पर्धेचे पानही आखून ठेवले आहे, तारखा पेन्सिलीने.

राहिलेले काम म्हणजे १९८५ ते २००४ मधील २०० मीटरच्या अंतिम शर्यतींतील मार्गिकांचा स्तंभ. विजेते आणि वेळा पूर्ण आहेत, पण कोण कोणत्या मार्गिकेतून धावला हे निम्म्याच शर्यतींचे मिळाले आहे. आपल्यापैकी कोणाकडे त्या वर्षांचे प्रारंभपत्रक (धावपटूंची मार्गिकेनुसार यादी) किंवा जुनी कात्रणे असतील, तर केवळ विजेत्याची मार्गिका कळवली तरी चालेल. बुडापेस्ट १९८९ आणि सेव्हिल १९९१ ही दोन पाने सर्वांत रिकामी आहेत.