पेरायचं की थांबायचं: अंदाज गटाचा, निर्णय ज्याचा त्याचा

मृगाचे दोन पाऊस पडले की कुणा एकाची पेरणीची तिफण सुरू होते आणि तीन दिवसांत अख्खं शिवार पेरून होतं. जो तो शेजाऱ्याकडे बघून पेरतो. मग उघडीप पडली की दुबार पेरणीही सगळ्यांच्याच गळ्यात पडते. कोरडवाहू सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, हवा, हे सगळ्यांना पाठ आहे. अडतं ते पुढच्या आठ दिवसांत पाऊस येईल का, यावर.

तो अंदाज एकट्यापेक्षा गट बरा बांधतो, पण एका अटीवर. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या पशुप्रदर्शनात लोकांनी एका बैलाचं कापून साफ केल्यावरचं वजन ओळखलं. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधोमधचा अंदाज निघाला १,२०७ पौंड, खरं वजन १,१९८. प्रत्येकाने आपापली चिठ्ठी वेगळी भरली होती, म्हणून हे जमलं. पारावर मात्र पहिला जाणता माणूस बोलला की बाकीचे मान डोलावतात, आणि दहा जणांचं मिळून एकच मत उरतं.

म्हणून चर्चेआधी चिठ्ठ्या. आठ-दहा जणांनी नाव न घालता तीन आकडे लिहायचे: आपल्या शेतात आजवर पडलेला पाऊस, खणून पाहिलेली ओल किती इंच, आणि येत्या आठ दिवसांत चांगल्या पावसाची शक्यता दहापैकी किती. पाऊस मोजायला सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबा आणि पट्टी पुरते. डबा झाडा-घरापासून लांब ठेवावा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी मोजून रिकामा करावा. शक्यतेचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा. सरासरी नको, एखादा टोकाचा आकडा तिला ओढून नेतो. आकडे ३ पासून ९ पर्यंत पसरले असतील तर आधी दोन्ही टोकांची कारणं ऐकावीत, ज्येष्ठांनी शेवटी बोलावं आणि पुन्हा चिठ्ठ्या घ्याव्यात. सगळ्यांनी मोबाइलवर आलेला एकच संदेश वाचून आकडा लिहिला असेल, तर दहा चिठ्ठ्यांची किंमत एकाच चिठ्ठीइतकी.

गटाचं काम इथे संपतं. पेरायचं का, यावर हात वर करून मत घेऊ नये, कारण चुकीची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते. समजा, दुबार पेरणीला बियाणं, खत, मजुरी धरून एकरी ६,००० रुपये लागतात आणि पाऊस आलाच तर थांबल्यामुळे २,००० रुपयांचं उत्पन्न घटतं. मग २,००० भागिले दोन्हींची बेरीज ८,००० म्हणजे पाव. पाऊस दगा देण्याची शक्यता पावापेक्षा कमी असेल तरच पेरावं, म्हणजे गटाचा आकडा साडेसातच्या वर हवा. ज्याच्याकडे विहीर आणि तुषार संच आहे, त्याचं १,५०० रुपयांच्या एका पाण्यात भागत असेल, तर त्याला साडेचारही पुरतो. गटाचा आकडा ६ आला तर विहीरवाल्याने पेरावं, मुरमाड कोरडवाहूवाल्याने थांबावं. दोघंही बरोबर.

पिकानुसारही हिशेब बदलतो. मूग-उडदाची वेळ लवकर सरते, तिथे थांबणं महाग पडतं. तुरीला थोडी सवड असते.

हे आकडे पेरणीआधीच, डोकं शांत असताना, वहीत मांडून ठेवावेत. शेजारच्या बांधावर तिफण दिसल्यावर हिशेब करायला बसलं की उत्तर आधीच ठरलेलं असतं.