तुम्ही विचारलंत म्हणून: क्विंटेसेन्शल म्हणजे परफेक्टच ना?

इंदूरला माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी मुलं दरवर्षी हे विचारतात. नाही, परफेक्ट नाही. परफेक्टमध्ये खोट नसते. क्विंटेसेन्शलमध्ये एखाद्या प्रकाराचा सगळा स्वभाव एकवटलेला असतो.

आपल्या पोह्यांचंच बघा. आमच्या घरचे, वर ओलं खोबरं भुरभुरलेले पोहे मला जास्त आवडतात. पण क्विंटेसेन्शल इंदुरी पोहे म्हणजे ठेल्यावरचे: खाली उकळतं पाणी, वर वाफेवर गरम राहिलेली परात, बडीशेपेचा वास, वरून जिरावण मसाला, शेव, कच्चा कांदा आणि शेजारी जिलेबी. चवीत घरचे सरस असतील, पण इंदूर त्या ठेल्यावर आहे.

शब्दाचं मूळ मला फार आवडतं. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते पृथ्वी, पाणी, हवा, अग्नी ही चार तत्त्वं इथली आणि आकाशस्थ गोलांचं द्रव्य पाचवं, वेगळंच. लॅटिनमध्ये त्याला पुढे ‘क्विंटा एसेन्शिया’, पाचवं सार, म्हणू लागले. 14व्या शतकात रुपेसिस्साच्या जॉन या फ्रेंच किमयागाराने ते सार पृथ्वीवरच शोधलं आणि वाइन पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातित करून मिळणाऱ्या मद्यार्काला तेच नाव दिलं. (आपलं पाचवं महाभूतही आकाशच, पण ते म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलचं पाचवं द्रव्य नव्हे. इथे गल्लत करू नका.)

म्हणून मराठीत मला ‘अर्क’ जवळचा वाटतो. तोही भट्टीतूनच आलेला. ‘अस्सल’ थोडा चुकतो, कारण त्याच्यासमोर नक्कल उभी असते आणि इथे खऱ्या-खोट्याचा प्रश्नच नाही. अडचण एवढीच की ‘पोरगा अर्क आहे’ म्हटलं की आपल्याला खोड्या आठवतात. त्यामुळे माणसाबद्दल बोलताना मी ‘हाडाचा’ वापरते: हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी.

वापरताना आधी ‘कशाचा?’ हे विचारा. नुसतं ‘तिचे मार्क क्विंटेसेन्शल आहेत’ हे वाक्य लंगडं पडतं. शब्द स्तुतीचाच असतो असंही नाही, खलनायकही क्विंटेसेन्शल असू शकतो. आणि त्याच्याआधी ‘व्हेरी’ लावू नका. सार काढून झालं की आणखी काय आटवणार?

परवा एका मुलीने वहीत लिहून आणलं: रात्री दुकानं मिटल्यावर खाऊगल्ली होणारा सराफा हा क्विंटेसेन्शल इंदुरी बाजार आहे. मी एक अक्षरही बदललं नाही.