वेणूताईंची पहिली संक्रांत

आज दिवसभर डोक्यात वेणूताई चव्हाणच आहेत, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी. यशवंतरावांबद्दल आपल्याकडे भरपूर लिहून झालंय, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, मग १९६२ला चीनच्या युद्धात दिल्लीला संरक्षणमंत्री, पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र, सगळं पाठ आहे. पण त्याच तारखा घरातल्या बाईच्या बाजूने लावून बघा जरा.

माहेर फलटणचं, लग्न २ जून १९४२ला. आणि ऑगस्टमध्ये चले जाव! म्हणजे जेमतेम दोन महिने संसार आणि नवरा भूमिगत, कुठे आहे कधी येणार काही पत्ता नाही. ते सापडेनात म्हणून जानेवारी १९४३मध्ये पोलिसांनी वेणूताईंनाच उचललं, ते पण ऐन संक्रांतीला. नव्या नवरीची पहिली संक्रांत म्हणजे काय कौतुक असतं आपल्याकडे, काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि ही पोर कोठडीत! पोलिसांना हवा होता नवरा, हाती लागली बायको. सुटल्यावर त्या आजारी पडल्या, फलटणला होत्या, त्यांना बघायला म्हणून यशवंतराव लपतछपत गेले आणि तिथेच पकडले गेले. आपल्यामुळे सापडले हे त्यांना किती टोचलं असेल (हा माझा अंदाज हां, पण कुठल्याही बाईला टोचेलच).

नंतरचं मंत्रीपद, बंगले, माणसांचा राबता वगैरे सगळ्यांना दिसतं. स्वतःचं मूल नाही झालं, त्यावर लोक काय काय बोलले असतील देव जाणे. साहेब, म्हणजे यशवंतराव, परदेश दौऱ्यावर गेले की वेणूताईंना सविस्तर पत्रं लिहायचे, ती पुढे छापली पण गेली, आणि मला त्यात मंत्री कमी आणि घरची आठवण येणारा नवराच जास्त दिसतो.

१ जून १९८३ला वेणूताई गेल्या, लग्नाला ४१ वर्षं व्हायला एक दिवस बाकी. पुढच्या वर्षी २५ नोव्हेंबरला साहेब पण गेले. कऱ्हाडला वेणूताईंच्या नावाने स्मारक आहे, साहेबांचा ग्रंथसंग्रह तिथेच ठेवलाय. नाव त्यांचं आणि पुस्तकं साहेबांची! चांगलंच आहे, तक्रार नाही, पण मला विचाराल तर मी तिथे आधी वेणूताईंच्या हातची एखादी वही शोधीन, भले किराणा-दुधाच्या हिशेबाची का असेना.