पार्किंगमधला कापूस अन् वरच्या माळ्यावरचा कूलर

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीसारख्या गावात फ्लॅट कायले घेतला बाबा, असं मला अजूनही लोक विचारतात. नागपूर-पुण्यात समजू शकतो, तिथे जागाच नाही, पण बसस्टँडवरून थोडं पायी चाललं की तुरीचं शेत लागते अशा ठिकाणी तीन माळ्यांच्या बिल्डिंगीत राहायचं म्हणजे पैसे भरून जेलात जायचं, असं माझा मोठा साळा म्हणतो. पण हिशोब सरळ आहे. लेआउटमधल्या एनए प्लॉटचे भाव असे चढले की प्लॉट घेतला तर घर बांधायला हातात काही उरत नाही, अन् गाव सोडून येणाऱ्याला पाहिजे काय असते, पोट्ट्यांची शाळा, बापाच्या बीपी-शुगरचा डॉक्टर जवळ, आणि शेतातल्या मोटरीची लाईट रात्रीची आली तर घराला कुलूप लावून निवांत ओलिताला जाता आलं पाहिजे, बस. म्हणून आता इकडेही फ्लॅट स्कीम उभ्या होऊन राहिल्या. आमची छोटीशी आहे, खाली पार्किंग, वर तीन माळे, लिफ्ट नाही, आणि दुसरं कोणी तयार होत नव्हतं म्हणून सेक्रेटरी मी. माझं कृषी केंद्र आहे, उधारी अन् शिव्या दोन्हीची याला सवय आहे, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं.

फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांशी कसं वागायचं यावर नेटवर खूप वाचायला मिळते. कुत्रा, पार्टी, जोरात म्युझिक वगैरे. ते आमच्या काही कामाचं नाही, आमची भांडणं वेगळी आहेत. इथे माणसं फ्लॅटमध्ये आली, शेती गावातच राहिली, पण शेतातला माल मागे मागे आला न. घरापुढे आंगण नाही, सपरी नाही, कोठा नाही, मग जे जे आंगणात व्हायचं ते पार्किंगमध्ये अन् स्लॅबवर, म्हणजे गच्चीवर, येते, आणि पार्किंग अन् स्लॅब कोणा एकाचे नसतात. आमच्याकडची सगळी कटकट इथून सुरू होते, माणसं वाईट आहेत म्हणून नाही.

सगळ्यात मोठं भांडण कापसाचं झालं. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला १० हजाराच्या वर गेला होता, तो आकडा लोकांच्या डोक्यातून निघायलाच तयार नाही. पुढच्या हंगामात भाव उतरले तरी लोक थांबून राहिले, आज वाढेल, उद्या वाढेल. आता थांबायचं म्हटलं तर ठेवायचा कुठे? पहिल्या माळ्यावरच्या भाऊंचं गावातलं घर गळते, म्हणून त्यांनी पिकअप भरून कापूस सरळ पार्किंगमध्ये आणून टाकला, तीन बाजूंनी टिना उभ्या केल्या, वरून शेडनेट. सुरुवातीला कोणी काही बोललं नाही, कारण अर्ध्या स्कीमची शेती आहे, आज त्याची वेळ तर उद्या आपली. पण कापूस जास्त दिवस पडून राहिला की त्यात बारीक किडे होतात अन् अंगाला खाज सुटते, हे कापूस घरात भरून ठेवणाऱ्या कोणालाही विचारा. पोट्टे पार्किंगमध्येच खेळतात, त्यांनी त्या ढिगावर उड्या मारल्या, समोरच्या फ्लॅटमधल्या लहान्याच्या अंगावर लाल लाल पुरळ उठलं आणि मग त्याच्या आईनं ग्रुपवर जो मेसेज टाकला तो मी इथे लिहू शकत नाही. त्यात उंदीर झाले. त्यात सगळ्यांचे मीटर त्याच भिंतीवर, खाली कापूस, अन् संध्याकाळी भाऊंचे सासरे तिथेच खुर्ची टाकून बिडी पितात.

मीटिंग बोलावली. आमच्यात एक सरजी आहेत, त्यांनी मोबाईलवरून वाचून दाखवलं की २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे, स्टिल्ट पार्किंग, म्हणजे बिल्डिंगीखालची खांबांमधली, बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सगळ्यांची सामायिक जागा. भाऊ शांतपणे म्हणाले, "सगळ्याईची म्हंजे माझी बी हाये न सरजी." आता याला काय उत्तर द्याल? कायदा वाचून दाखवणाऱ्याला नेहमी वाटते की समोरचा गप्प होईल, पण समोरचाही त्याच कायद्यात आपली जागा शोधून बसतो. अर्धा तास नुसता आवाज. बायका मध्ये पडल्या, एक काकू म्हणे, "जाळून टाका तो कापूस," त्यावर वहिनी, म्हणजे भाऊंच्या घरच्या, उठून गेल्या.

मिटलं कसं ते सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या दुकानात आले, कशासाठी ते आठवत नाही, मी म्हटलं भाऊ, सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस खरेदीचं, तुम्हाला माहीत आहेच, ८ टक्क्यांच्या वर ओलावा असला की टक्क्यामागे भाव कापतात अन् १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत. तुमच्या ढिगाच्या बाजूला रोज सकाळी दोन जण गाड्या धुतात, पाणी सगळं त्याच्याखाली जाते, खालचा थर दाबून पाहिला का? ते काही बोलले नाहीत, गाडीला किक मारली अन् गेले. संध्याकाळी ढीग फोडून पाहिला तर खाली ओल धरली होती. मला म्हणे, "हे मले आंधी काऊन नाही सांगतलं?" तिथून पुढे सगळं सोपं झालं. मीटरपासून लांबचा, गेटकडचा कोपरा ठरला, खाली लाकडी फळ्या, वर ताडपत्री, आग विझवायचं सिलिंडर ज्याचा कापूस त्यानं आणायचं, बिडी बंद, आणि संक्रांतीच्या पुढे पार्किंगमध्ये बोंडही दिसलं नाही पाहिजे. हे सगळं वहीत लिहून सह्या घेतल्या. पुरळवाल्या लहान्याची आई अन् वहिनी मात्र बरेच दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. आपण सेक्रेटरी आहो, देव नाही, तेवढं चालायचंच.

आता कूलर. होळी झाली की आमच्याकडे कूलर निघतात, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. मे महिन्यात पारा ४५-४६ वर असते, रात्री भिंतीला हात लावला तर भिंत गरम, तेव्हा कूलर म्हणजे चैन नाही. खिडकीबाहेर लोखंडी अँगल ठोकतात, त्यावर डेझर्ट कूलर, अन् तिसऱ्या माळ्यावरच्या कूलरचं पाणी दुसऱ्या माळ्यावरच्या खिडकीत टपकते, कोणी पाइप लावून टीव्हीसमोर बसलं की मग धो धो. वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडते तेही बोअरचं, पांढरे डाग पडतात. शिवाय रात्री अँगल थरथरते, खालच्याला वाटते डोक्यावर गिरणी सुरू आहे.

सरजींनी इथेही कायदा काढला होता, आवाजाचे २००० सालचे नियम, रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल. मी हात जोडले. उन्हाळ्यात रात्री कोणाला कूलर बंद कर म्हणणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणं, ते कोणत्याच नियमात बसत नाही. उपाय खरं तर हार्डवेअरच्या दुकानात होता. अँगल अन् कूलरच्या मध्ये जुन्या टायरचे तुकडे, कूलरमध्ये बॉलकॉक बसवायचा म्हणजे भरला की पाणी आपोआप बंद, आणि ज्याचा कूलर बाहेर लटकतो त्यानं खाली पत्र्याचा ट्रे लावायचा. किरकोळ खर्च. तरी दोघांनी केलं नाही, त्यांच्याकडे मीच मिस्त्री पाठवला अन् बिल मेंटेनन्समध्ये लावून दिलं. कुरकुरले, पण दिले.

आवाजापेक्षा पाण्याचं अवघड आहे. मोठा कूलर दिवसाला शंभर लिटर पाणी सहज पितो, अन् त्याच दिवसांत बोअर खाली जाते. निम्न वर्धा धरण आमच्याच तालुक्यात, धनोडीला, पण टाकीत काय येते ते आम्हाला विचारा. स्कीममध्ये एक आजी आहेत, त्यांचं गाव त्या धरणात गेलं. मोटर किती वेळ चालवायची यावर खाली वाद सुरू झाला की त्या गॅलरीतून म्हणतात, "गाव देल्लं पाण्याले, आता पाण्यासाठी भांडा." सगळे गप्प होतात, आणि आजी आत जाऊन दोन बकेटा जास्तीच्या भरून ठेवतात, हे त्यांची सूनच सांगते.

मेंटेनन्सबद्दल थोडं, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. सोसायटी अन् अपार्टमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहकारी सोसायटी असेल तर सर्व्हिस चार्ज साधारणपणे सगळ्या फ्लॅटला सारखा अन् पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर. आमची स्कीम १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहे, त्यात डीड ऑफ डिक्लेरेशन म्हणजे कोणाचा किती हिस्सा ते लिहिलेला कागद असते अन् ज्याचा सामायिक हिस्सा जेवढा टक्के तेवढा त्याचा खर्च, म्हणजे मोठ्या फ्लॅटवाल्याला जास्त. मोठ्या फ्लॅटवाल्यांना हे पटायला वेळ लागला. आपल्या कागदावर काय आहे ते आधी काढून पाहा, नाहीतर वर्षभर उगाच तोंड वाजवत बसाल.

पण खरी अडचण किती द्यायचे ही नव्हती, कधी द्यायचे ही होती. नोकरीवाला महिन्याच्या महिन्याला देते, शेतीवाल्याच्या हातात पैसा महिन्याला येतच नाही. जुलैमध्ये त्याच्याकडे मेंटेनन्स मागाल तर तो माझ्याच दुकानात बियाण्याची उधारी करून बसलेला असते, मला माहीत आहे न. म्हणून आम्ही शेतीवाल्यांना दोन हप्ते करून दिले, एक सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या आसपास, दुसरा कापूस विकल्यावर. नोकरीवाले म्हणाले आमचे पैसे मग बिनव्याजी वापरता का. थोडं खरं आहे त्यांचं. त्यावर असं ठरलं की शेतीवाल्यांनी पहिला हप्ता पुढच्या महिन्यांचा धरून ॲडव्हान्स द्यायचा, आणि ते सुरळीत चालू आहे. भिंतीवर यादी लावतो ती पैसे भरणाऱ्यांची, राहिलेल्यांची कधीच नाही. हे मी दुकानात शिकलो, बाकीदाराचं नाव भिंतीवर लावलं की वसुली होत नाही, दुश्मनी होते.

नोकरीवाले अन् शेतीवाले ही फूट आमच्याकडे जातीपातीपेक्षा जास्त दिसते, म्हणजे जातपात नाही असं नाही, कोण कोणाकडे चहा पिते हे नीट पाहिलं की दिसतेच. पण रोजच्या बोलण्यात ही फूट जास्त. ती जराशी बुजते ती वानोळ्यानं. शेतातून पहिली वांगी, अंबाडी, हरभऱ्याचे सोले आले की पिशवी वरखाली फिरते. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर दुसऱ्या माळ्यावर राहतात, त्यांची शेती नाही, त्यांना संकोच वाटायचा की आपण परत काय द्यायचं, तर त्यांनी रविवारी सकाळी सगळ्या म्हाताऱ्यांचं बीपी मोजून द्यायला सुरुवात केली. आता काकाजी लोक नऊ वाजताच लाईन लावतात अन् कोणाचं किती निघालं यावर दिवसभर गप्पा. अन् तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल सजवून पार्किंगमध्ये आणतात, मग दारोदार बोजारा मागत फिरतात, ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे त्यांच्याही दारात जातात, पोट्ट्यांना कोण नाही म्हणणार. वहिनींनी त्या लहान्याच्या हातात शंभराची नोट ठेवली तेव्हा त्याची आई मागे जिन्यातच उभी होती, दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण नंतर ग्रुपवर त्यांचे गुड मॉर्निंग सुरू झाले.

स्लॅबचं सगळं सिस्टरच पाहतात. चैत्रात सरगुंडे, कुरोड्या, मुंगवड्या, पापड, सगळ्यांना एकाच वेळी ऊन पाहिजे, अन् त्याच दिवसांत कोठीत भरायच्या आधी गहू वाळवायचे असतात. त्यांनी स्लॅबच्या दरवाज्यावर पाळ्यांचा कागद चिकटवला, आज कोण, उद्या कोण, गव्हाला दुपारनंतरची वेळ. माझ्या कोणत्याही नोटीसपेक्षा तो कागद जास्त पाळला जाते. कारण वांदरं. राखण बसवल्याशिवाय स्लॅबवर काही ठेवताच येत नाही, अन् राखणीला माणूस शेजारच्याच घरातला मागावा लागते, मग भांडून कसं जमेल.

पण आता नवीन विषय निघाला आहे. तिसऱ्या माळ्यावरच्या तलाठी साहेबांनी केंद्र सरकारच्या छतावरच्या सोलरच्या सूर्यघर योजनेचं काढलं, सामायिक वापरासाठी सोसायटी-अपार्टमेंटला किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे, बोअरची मोटर अन् जिन्यातले लाईट सोलरवर टाकले तर कॉमन मीटरचं बिल बरंच कमी होईल. हिशोब चोख आहे, मी स्वतः करून पाहिला. सगळे पुरुष हो म्हणाले. मग काकूंनी विचारलं की त्या पाट्या लावणार कुठे, तर उत्तर अर्थातच स्लॅबवर, दक्षिणेकडून, म्हणजे जिथे सगळ्यात कडक ऊन असते तिथे. तलाठी साहेब म्हणे पाट्या उंच अँगलवर लावू, खाली जागा राहते. सिस्टर म्हणे जागा राहील हो, ऊन कुठे राहील? यावर अजून कोणाला उत्तर सापडलं नाही. सोलरवाला परवा माप घ्यायला आला होता, जिन्यातच वहिनी भेटल्या, त्यांनी त्याला चहा पाजला अन् अक्षय तृतीया झाल्यावर ये म्हणून परत पाठवलं.