आप्पांची फाईल आणि बीकेसीतली सकाळ

महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये आप्पा रात्रभर ती फाईल उशाला घेऊन झोपले. सातबारा, आठ-अ, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, सीएचा दाखला, व्हॅल्युएशन रिपोर्ट आणि तासगावच्या बेदाणा सौद्यांच्या तीन वर्षांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या. या पट्ट्यांसाठी ते अडत्याकडे चार वेळा गेले होते. एका पट्टीवर आमच्या नावातली वेलांटी चुकली होती, तीसुद्धा त्यांनी नीट करून आणली.

हे जून 2024 मधलं. मला कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोच्या स्टेट युनिव्हर्सिटीत द्राक्षशेतीतलं एमएस करायचं होतं. व्हिसाची फी 185 डॉलर, सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची, 350, म्हणजे मुलाखतीच्या आधीच 45 हजारांच्या आसपास गेले होते. व्हिसा नाकारला तरी त्यातलं काही परत मिळत नाही.

बोटांचे ठसे आणि फोटो आदल्या दिवशीच झाले. तो सगळा दिवस कुर्ल्याला आत्याकडे गेला. तिनं हौसेनं पुरणपोळ्या केल्या होत्या आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मामा म्हणाले, पूर्वी ही रांग ब्रीच कँडीला भर रस्त्यात लागायची, 2011 मध्ये अमेरिकन कॉन्सुलेट बीकेसीत, वांद्रे-कुर्ला संकुलात आलं. मी नुसती मान हलवत होते. डोक्यात आमच्याकडच्या कन्सल्टंटनं पाठ करून घेतलेली उत्तरं फिरत होती. "तुमच्याकडचं संशोधनाभिमुख वातावरण आणि अत्याधुनिक पायाभूत सुविधा" हे वाक्य त्यानं माझ्याकडून किमान पन्नास वेळा म्हणून घेतलं असेल. मुलाखतीच्या सरावाचे वेगळे पैसे घेतले, आणि एकदाही विचारलं नाही की पोरी, तुला तिथं नक्की काय शिकायचंय? त्याचा मला आजही राग येतो.

सकाळी कुर्ला स्टेशनवरून शेअर रिक्षानं बीकेसी. पाऊस बारीक, पण थांबत नव्हता. मोबाईल आत नेता येत नाही, बॅग नेता येत नाही, आईवडिलांनाही येता येत नाही. बाहेर बॅगा सांभाळायला माणसं उभी असतात, पैसे घेतात. माझी सॅक तिथं दिली, मोबाईल आप्पांकडे दिला. त्यांनी फाईल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सातबारा वरच ठेवलाय. मागितला की लगेच निघंल."

रांगेत माझ्यापुढे जळगावकडचा एक मुलगा होता. वडील निवृत्त शिक्षक. त्याच्याकडेही तशीच जाड फाईल, नाडीनं बांधलेली. मुंबईच्या कॉन्सुलेटकडे गुजरात आणि मध्य प्रदेशही येतं, त्यामुळे रांगेत गुजराती-हिंदीच जास्त कानावर पडत होतं. मराठी ऐकून आम्हा दोघांनाही धीर आला.

आत तपासणी, पुन्हा बोटांचे ठसे, मग काचेच्या खिडक्यांसमोरची रांग. इथं बसून मुलाखत होत नाही. बँकेच्या काउंटरसारखं उभं राहायचं, काचेपलीकडे अधिकारी आणि मध्ये माईक. मागच्यांना सगळं ऐकू येतं. माणसाचं वर्ष-दोन वर्षांचं नशीब असं चारचौघांत मोठ्यानं का ठरवायचं? हे मला त्या दिवशी फार लागलं.

जळगावच्या मुलाला विचारलं, हीच युनिव्हर्सिटी का? त्यानं उत्तर सुरू केलं आणि मला दरदरून घाम फुटला. तेच वाक्य होतं. संशोधनाभिमुख वातावरण, अत्याधुनिक पायाभूत सुविधा. शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही. पुढचे दोन प्रश्न झाले आणि त्यानं घाईघाईनं नाडी सोडून फाईल काचेला लावली, "सर, कागदपत्रं आहेत." अधिकारी शांतपणे म्हणाला, गरज नाही. पासपोर्ट परत आला, सोबत व्हिसा नाकारल्याचा एक छापील कागद. कलम 214(ब). 1952 च्या अमेरिकन इमिग्रेशन कायद्यातलं हे कलम असं धरूनच चालतं की तुम्ही तिकडे कायमचं राहायला निघालात. तसं नाही, हे तुम्ही पटवायचं. त्यावर अपील नाही, पुन्हा फी भरून पुन्हा रांग. तो वळला तेव्हा सुटलेली नाडी जमिनीवर लोंबत होती.

त्याच खिडकीवर माझा नंबर आला.

"फ्रेझ्नो का?"

पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलंच नाही. मी म्हणाले, माझे वडील द्राक्षं पिकवतात आणि त्याचा बेदाणा करतात. आमच्याकडे थॉमसन सीडलेस आहे, आणि फ्रेझ्नोच्या आसपासही बेदाण्यासाठी तेच वाण पिढ्यान्‌पिढ्या लावलं गेलं.

त्यानं पहिल्यांदाच स्क्रीनवरची नजर काढली. "मग फरक काय?"

"तुम्ही उन्हात वाळवता. आम्ही घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर, सावलीत."

"सावलीत का?"

"रंग हिरवा-पिवळा राहतो. त्या रंगालाच भाव आहे. पण ऐन वाळवणीत अवकाळी पाऊस आला की सगळं मातीमोल. त्यावर तोडगा शिकायचाय."

खर्च कोण करणार, विचारलं. कर्ज आणि वडील, म्हणाले. हात फाईलवर होता. सातबारा वरच होता. त्यानं काहीतरी टाईप केलं, पासपोर्ट स्वतःकडेच ठेवला आणि व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं. दोन-अडीच मिनिटं झाली असतील.

बाहेर आले तर बॅगवाल्यापाशी तो मुलगा हातातलं टोकन बघत उभा होता. काय बोलावं सुचेना. त्यानंच विचारलं, "झालं?" मी हो म्हणाले. "छान," म्हणाला, आणि खरंच छान म्हणाला.

आप्पा समोरच्या फुटपाथवर झाडाखाली उभे होते. छत्री होती, पण ती त्यांनी शेजारच्या एका आजीबाईंना दिली होती. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. डोळे पुसले, मग फाईल हातात घेतली.

"बघितली का?"

"नाही आप्पा. कुणाचीच बघत नव्हते."

त्यांनी पिशवी उघडून सातबाऱ्याचा ओला झालेला कोपरा शर्टाच्या बाहीनं टिपला. मला वाटलं, आता दुखावले. चार वेळा अडत्याकडे, दोनदा तलाठ्याकडे, आणि एक कागद कुणी बाहेर काढायला सांगितला नाही. कुर्ल्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "काय इचारलं मग?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी फाईल मांडीवर घेतली होती.

"उन्हात वाळवत्यात? त्याल लावत न्हाईत?"

"नाही. कागदावर पसरून, तसाच."

"मग काळा पडणारच की," आप्पा म्हणाले. "किती दिवस लागत्यात, ते इचारून घे तिथं गेल्यावर."